उरलेले एकोणीसशे मार्क

अर्जासोबत मिळालेल्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलं होतं, की अर्ज शांत चित्ताने, घरच्यांशी विचारविनिमय करून भरावा. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याला एक तर घर नसावं, किंवा घर असेल तर त्यात माणसं नसावीत.

अर्ज तसा सोपा. देशातल्या सगळ्या विद्यापीठांच्या सगळ्या शाखा एकाखाली एक छापलेल्या आणि प्रत्येकीपुढे एक रिकामी चौकट. सगळ्यात आवडती शाखा असेल तिथे एक घालायचा, मग दोन, मग तीन, असं दम असेल तिथपर्यंत. सरकारी यंत्र वरून खाली बघत येतं आणि तुमचे मार्क जिला पुरतात ती पहिली शाखा तुमच्या पदरात टाकतं. भानगड एवढीच, की कुठल्या शाखेला यंदा किती मार्क लागणार हे ऑगस्टअखेर जाहीर होतं आणि अर्ज जुलैत भरायचा. म्हणजे खरेदी आधी, भाव नंतर. आपल्या ग्रीसमध्ये हे कोणालाच विचित्र वाटत नाही.

माझ्या मुलीला, आंथीला, वीस हजारांपैकी अठरा हजार सहाशे चाळीस मार्क पडले होते. बरोब्बर डॉक्टरकीच्या उंबरठ्यावर. शंभर जास्त असते तर मिठाई वाटली असती, पाचशे कमी असते तर दार लावून रडलो असतो. उंबरठ्यावर बसलेल्या माणसाने काय करायचं? ना आत, ना बाहेर, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जातो.

"तुला व्हायचंय तरी काय?" मी तिला विचारलं.

"माहीत नाही, आई. आजारी माणसांजवळचं काहीतरी."

आता आजारी माणसांजवळच्या शाखा मोजा. डॉक्टर, दातांचे डॉक्टर, औषधशास्त्र, सुईण, नर्सिंग, प्रयोगशाळा, मोडलेले हातपाय हलवून घेणारे, आणि जनावरंही आजारी पडतात म्हणून तेही. शिवाय प्रत्येक गोष्ट सात-आठ शहरांत. मी साठपर्यंत मोजलं आणि पाणी प्यायले.

माझं बटणांचं आणि लोकरीचं दुकान आहे. शाळा मी नववीत सोडली. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांकडून आणि लोकर गुंडाळून येणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांकडून झालं. पण ती पुस्तिका मी तीनदा वाचली, शिसपेन्सिलीने खुणा करून वाचली, आणि माझी अशी पक्की समजूत झाली की हा विषय आपल्या हातात आला आहे. बटणं कशी लावतो आपण? मोठं, त्याहून लहान, त्याहून लहान. तशाच शाखा लावायच्या. गेल्या वर्षी जिला सगळ्यात जास्त मार्क लागले ती वर, जिला कमी ती खाली.

"आणि मला आवडेल ते?" आंथीने विचारलं.

"जास्त मार्कांचं आपोआप आवडतं," मी म्हणाले. मला हे वाक्य तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या लुकियाकाकूंना तर ते इतकं आवडलं की त्या खुर्ची ओढून बसल्याच. "बरोबर आहे गं अरेती. काही कर, पण मार्क वाया घालवू देऊ नकोस. माझ्या चुलतबहिणीच्या मुलाचे अठरा हजार होते. आणि घेतलं काय? जंगलशास्त्र! झाडं मोजतो मेला. त्याची आई आजतागायत काळे कपडे घालते."

त्याची आई विधवा आहे म्हणून काळे कपडे घालते. पण हे लुकियाकाकूंना सांगण्यात अर्थ नव्हता.

माझे यजमान थ्रासोस नगरपालिकेच्या पाणीखात्यात आहेत. बावीस वर्षांच्या नोकरीत ते एक शब्द शिकले: "बघू." आंथीच्या अर्जाबद्दलही ते "बघू" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन तुळशीच्या कुंडीला पाणी घालू लागले. सासूबाईंनी मात्र काम हातात घेतलं. त्या देवळासमोरच्या दुकानात नवसाचे पत्रे आणायला गेल्या. चांदीसारख्या पातळ पत्र्यावर अवयव उमटवलेला असतो. डोळा दुखत असेल तर डोळा, गुडघा असेल तर पाय, तो देवाच्या तसबिरीपुढे टांगायचा. पण डॉक्टरकीचा पत्रा कुठून आणणार? दुकानदाराने हृदय दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, आणि दातांचं झालं तर? त्याच्याकडे जबडा नव्हता. शेवटी त्यांनी डोकं, हात, पाय, डोळे आणि एक तान्हं मूल असा सगळा संच घेतला आणि देवाला सांगितलं, यातलं तुझं तू बघ. आमच्या घरातला त्या आठवड्यातला तो एकमेव स्पष्ट निर्णय होता.

मी म्हटलं, आपण जाणत्या माणसांना विचारू. इमारतीच्या तळमजल्यावरच झीसिसचं औषधांचं दुकान आहे.

"औषधशास्त्र?" झीसिस गल्ल्यामागून उठून उभाच राहिला. "अरेतीबाई, पाच वर्षं मी रसायनं शिकलो. आज सकाळपासून विकलं काय, तर डासांचं मलम दोन नळ्या आणि उन्हात लावायचं तेल एक बाटली. पोरीला दातांचं करू दे. दुखरा दात कोणी उद्यावर ढकलत नाही."

दातांचे डॉक्टर खुर्चीत बसल्याशिवाय कोणाशी बोलत नाहीत. म्हणून मी बसले. त्यांनी सवयीने माझं तोंड उघडलं, सवयीने एक दाढ टोकरली आणि मग मला बोलता येत नसताना आंथीला म्हणाले, "माझी मान बघ पोरी. तीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघतोय. आता रस्त्यात कोणी नमस्कार केला तरी मला त्याचे बूटच दिसतात. तू डॉक्टर हो. ताठ उभं राहून काम."

आमच्या घरचे डॉक्टर दुपारी एकच्या सुमारास उभ्या उभ्या गार झालेलं वांगं खात होते. "डॉक्टर?" त्यांनी काटा खाली ठेवला. "गरम जेवण मी शेवटचं कधी जेवलो ते माझ्या बायकोला विचार. तिला आठवत असेल, मला नाही. त्यापेक्षा झीसिसकडे बघ. दुपारी दोनला दार ओढलं की झोपला! औषधशास्त्र घे, बाळ, सुखी होशील."

म्हणजे आम्ही जिथून निघालो तिथेच येऊन पोचलो होतो. फरक इतकाच, की माझ्या एका दाढेत नवं सिमेंट होतं.

आंथी परतीच्या वाटेवर सायकल हातात धरून चालत होती. आमचं शहर थेसलीच्या सपाटीवर आहे, इथे उतार नाही, चढ नाही, जुलैत सावलीही नाही. "आई," ती मध्येच म्हणाली, "सगळे जण आपलं सोडून दुसऱ्याचं चांगलं म्हणतायत. मी कोणाचं खरं मानू?"

"माझं," मी म्हणाले. माझी दाढ दुखत होती, नाहीतर जरा सौम्य बोलले असते.

तर माझ्या पद्धतीने आम्ही अर्ज भरला. पेनाने, कारण पेनानेच भरायचा. साठ चौकटी, साठ आकडे. दुपारी लुकियाकाकू कॉफी प्यायला आल्या. कॉफी संपल्यावर आंथीचा कप बशीत उपडा घालून त्या तिचं भविष्य बघणार होत्या. कपात तळाशी उरलेल्या गाळाची नक्षी वाचण्यात त्यांचा हात धरणारं गल्लीत कोणी नाही. त्यांनी कप उपडा केला. बशी आहे असं त्यांना ज्या ठिकाणी वाटलं, तिथे अर्ज होता.

गाळ सावकाश पसरला. प्रथम सालोनिकाची डॉक्टरकी गेली, मग अथेन्सची, मग दातांचं सगळं कुटुंब.

"काळा रस्ता दिसतोय," लुकियाकाकू डोळे बारीक करून म्हणाल्या. "लांबचा."

दुसऱ्या दिवशी अर्ज भरण्याची मुदत दुपारी दोनला संपत होती.

सकाळी आठला आम्ही तिच्या शाळेत. मुख्याध्यापकांनी डागाळलेला अर्ज दोन बोटांनी उचलला. "बाई, कोरा अर्ज आहे माझ्याकडे. पण पहिला खराब झाला असं विद्यार्थिनीचं प्रतिज्ञापत्र हवं, त्यावरची सही सरकारी माणसाच्या समोर केलेली हवी. नागरिक सुविधा केंद्रात जा. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांच्या कामाला आमचा नंबर चौऱ्याहत्तर होता. त्या दिवशी अर्ध्या शहराला काहीतरी साक्षांकित करून हवं होतं. पंखा होता, तो कारकुनाकडे तोंड करून होता.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. सरकारी कचेरीत जायचं म्हणून मी निळा पॉलिएस्टरचा ड्रेस घातला होता, आणि तो बसावा म्हणून आतून पोटपट्टा आवळला होता. चांगला सतरा हुकांचा. दुकानदार बाईने चार लोकांत कसं दिसावं याबद्दल माझी काही मतं आहेत. बाहेर बेचाळीस अंश होते.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी आंथीने सही केली, कारकुनाने शिक्का मारला, मी "देवाची कृपा" म्हणाले, आणि पुढचं मला लोकांनी सांगितलं. म्हणजे मी पडले. नुसती पडले नाही. पंचाहत्तर नंबरच्या आजोबांना घेऊन पडले.

मला शुद्ध आली तेव्हा मी आकाश बघत होते, आणि माझ्या डोक्याखाली काहीतरी गोल, गार आणि कडक होतं. ती कलिंगडं होती. केंद्रासमोर कलिंगडवाल्याचा टेम्पो उभा होता, रुग्णवाहिकेला अर्धा तास लागला असता, म्हणून मला त्यात घातलं होतं. ते सगळं ठीक. पण त्या भल्या माणसाला घाईत भोंगा बंद करायचं सुचलं नव्हतं. त्यामुळे भर दुपारी, मुख्य रस्त्यावरून, टेम्पोवर आडवी पडलेली मी, शेजारी माझा हात धरून बसलेली आंथी, आणि वर भोंगा: "घ्या ताजी, घ्या गोड! सुरीने कापून दाखवतो! लाल नसेल तर पैसे परत!"

आम्ही असे सरकारी दवाखान्यात शिरलो. माझी तीन गिऱ्हाइकं दारात उभी होती. त्यातल्या एकीने हात हलवला.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर आले. फार हुशार होते हो; नंतर सगळ्यांनीच सांगितलं. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, वायरी लावून हृदयाचा आलेख काढला आणि तो बघत कपाळाला आठ्या घातल्या. "श्वास आखूड आहे. छाती फुगतच नाहीये. लारिसाच्या मोठ्या दवाखान्यातल्या हृदयाच्या तज्ज्ञांना फोन लावू. फोटोही काढू." आणि ते फोन लावायला गेले. मी मनातल्या मनात दुकान कोणाला द्यायचं ते ठरवायला घेतलं.

तेवढ्यात एक सिस्टर आल्या. साठीला टेकलेल्या, रुंद, केसांत पेन खोचलेलं. आसिमिना त्यांचं नाव. त्या एका हाताने शेजारच्या आजोबांना पाणी पाजत होत्या, तोंडाने तिसऱ्याच कोणाला "उठलास तर बांधून ठेवीन हं!" म्हणत होत्या, आणि दुसरा हात त्यांनी माझ्या कमरेवर ठेवला. ठेवला आणि थांबल्या.

"ए बाई," त्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "आत काय घातलंयस?"

मी डोळे मिटून घेतले. माणसाने बेशुद्ध कधी व्हावं याला एक वेळ असते. ती माझी टळली होती.

"लाजू नकोस गं. मीही घालते. मुलाच्या लग्नात घातला होता, फोटोत मी निळी आलेय." आणि आंथीकडे वळून, "पोरी, पडदा ओढ. इकडून धर. मी सोडते, तू मोज."

पडदा ओढला गेला. सतरा हुक सुटले. आंथी एकेक मोजत होती. नवव्याला मला श्वास आला, बाराव्याला रंग, आणि सतराव्याला मी विचारलं, "वाजले किती?"

"एक वीस."

"अगं मग इथे काय करतेस? दोनला खिडकी बंद होते! जा!"

आंथी हलेना. तिच्या हातात पोटपट्टा होता, डोळे पाण्याने भरलेले, आणि ती माझ्याकडे नाही, सिस्टरकडे बघत होती. सिस्टरांनी तो पट्टा तिच्या हातून घेऊन उशीखाली सरकवला. "तुझ्या आईला काही झालेलं नाही. मी आहे इथे. मागच्या दारी माझी हिरवी सायकल आहे, कुलूप नाही, ब्रेकही नाही. पळ."

ती पळाली. तेवढ्यात डॉक्टर परत आले, त्यांनी नवा आलेख काढला आणि चकित झाले. "औषध न देता सुधारणा!" सिस्टर आसिमिना म्हणाल्या, "असतं असं, डॉक्टर, अशी प्रकृती असते एकेकाची," आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. या उपकारासाठी मी त्यांना नंतर गुलाबी लोकरीचं जाकीट विणून दिलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी आंथी घामाघूम परत आली. "दिला अर्ज."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की साठ शाखांची माझी यादी माझ्याच पर्समध्ये होती.

"यादीशिवाय कसा भरलास?"

"पाठ होती," ती म्हणाली. मला तिचा केवढा अभिमान वाटला!

ऑगस्टच्या शेवटी निकाल लागला. शाळेच्या दारावर कागद डकवला होता. गर्दीतून मी पुढे घुसले, बोट फिरवत तिचं नाव शोधलं आणि पुढचं वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. अथेन्स, नर्सिंग. त्याला सोळा हजार सातशे चाळीस मार्क पुरले होते.

ईशान्येच्या टोकाला, तुर्कस्तानच्या सीमेजवळ एक विद्यापीठ आहे, तिथल्या डॉक्टरकीला त्या वर्षी अठरा हजार सहाशे अठरा मार्क पुरले होते. माझ्या मुलीला अठरा हजार सहाशे चाळीस होते. बावीस मार्क उंबरठ्याच्या आत.

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, यंत्र बिघडलंय. माझी यादी अशी होती, मी स्वतः लावली होती, नर्सिंग त्यात एकेचाळिसावं होतं, सरकारवर दावा लावीन. त्यांनी शांतपणे फाइल काढली आणि अर्जाची प्रत माझ्यापुढे ठेवली. त्यावर फक्त एक आकडा होता. नर्सिंगपुढे, एक. बाकीच्या चौकटी कोऱ्या.

"मी तिला दोनदा विचारलं, बाई," ते म्हणाले. "ती म्हणाली, घाईत दुसरं काही सुचत नाही."

घरी येईपर्यंत बातमी आधीच पोचली होती. लोक भेटायला येऊ लागले. लुकियाकाकू कॉफी आणि ब्रँडी घेऊन आल्या. आमच्याकडे कोणी वारलं की त्या घरी हेच नेतात. दारात त्या घुटमळल्या, अभिनंदन म्हणावं की देवाची मर्जी म्हणावं ते त्यांना कळेना. शेवटी माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "एकोणीसशे मार्क गं! एकोणीसशे वाया! तेवढे कमी पडले असते तरी तिला हेच मिळालं असतं!" झीसिस म्हणाला, "दातांचं करा म्हणालो होतो." दातांच्या डॉक्टरांनी खाली बघत मान हलवली, अर्थात ते तसेही खालीच बघतात. सासूबाई देवळात जाऊन सगळे पत्रे उलटसुलट तपासून आल्या. थ्रासोस गॅलरीतून म्हणाले, "बघू."

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तिच्या खोलीत गेले. रागावण्याचं भाषण तयार होतं, तीन भागांत. ती पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती.

"तू म्हणालीस पाठ आहे."

"पाठच होती. म्हणून तर भरता आली नाही."

"तुला डॉक्टर होता आलं असतं, आंथे. बावीस मार्क!"

"माहीत आहे." तिने हातातला मोजा मांडीवर ठेवला. "मला अजूनही कळत नाही आई, बरोबर केलं की नाही. रोज रात्री वाटतं चुकलं. पण त्या दिवशी दवाखान्यात... डॉक्टरांकडे बघून मला वाटलं, केवढे हुशार आहेत. आणि त्या सिस्टरकडे बघून मला इतका हेवा वाटला, इतका हेवा वाटला, की मी तुझी काळजी करायची विसरले. मला लाज वाटली त्याची. सायकलवरून जाताना मी रडत होते, पण हेव्यानेच रडत होते गं."

भाषणाचे तिन्ही भाग माझ्या तोंडातच राहिले. दुसऱ्याचं बघून हेवा वाटणं मला माहीत आहे. तोही कोणाच्या हुशारीचा नाही. कोणीतरी आपलं काम असं करतं, की बघणाऱ्याचे हात शिवशिवतात. पण त्याला पुस्तिकेत चौकट नाही, आणि साठ आकड्यांत ते मी कुठे बसवणार होते? मी तिच्या शेजारी बसले आणि मोज्यांच्या जोड्या लावू लागले. त्यात दोन मोजे एकटेच निघाले, तेही मी घडी करून बॅगेत घातले. मलाही अजून कळलेलं नाही, बरोबर झालं की नाही.

सप्टेंबरच्या शेवटी ती अथेन्सच्या बसमध्ये बसली. बॅग, उशी, आणि पालक भरून भाजलेल्या पीतेचा एवढा मोठा डबा, की ड्रायव्हरने त्याला वेगळं तिकीट काढायला लावायचा विचार केला. लुकियाकाकू निरोप द्यायला आल्या होत्या. त्यांना राहवेना. बसच्या खिडकीतून आत बघत, सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पोरगी गोड आहे गं, पण ते एकोणीसशे मार्क! कुठे गेले ते, देव जाणे!"

"जातील कुठे?" मी म्हणाले. "डब्यात बांधून दिलेत. अथेन्स लांब आहे, वाटेत भूक लागेल तिला."